पहिला घाणा

न्हाय हो डॉक्टरसायेब, बसवण्णाचं काळीज पिवळं निघालं म्हणून ते या चन्नप्पाच्या बुंदीनंच झालं, असं कसं म्हणता? बसा की, हितं स्टुलावर बसा. तुमी ढोरांचे डॉक्टर, काल पुरायच्या आधी पोट फाडून बघितलं — काळीज सुजलेलं, ती काय म्हणालात, मूत्रपिंडं, तीबी खराब — सगळं खरं असंल. पण देवाला सोडलेला बैल तो, पेठभर फिरायचा, कुटंबी तोंड घालायचा. नरसय्याच्या दारात सूत रंगवायचा हौद हाय, त्यातलंच पाणी प्याला असणार. सगळी पेठ तेच म्हणतीया. पयल्यांदा कोण म्हणालं? — आता, मीच म्हणालो. माणसं दारात जमली होती, कुणीतरी कायतरी म्हणायला पायजेच होतं की.

आमी लिंगायत माणसं. बसवण्णाला पयला घाणा दिल्याबिगर मी गल्ल्याला हात लावत न्हाय. दुष्काळात कडब्याची काडी मिळंना, तवा तर टोपलीच पुढं ठेवायचो — मोडकी बुंदी, परातीतला चुरा, सगळं. मग त्याला दुसरं गोडच लागंना. उजाडलं की दारात हजर. लोक म्हणायचे, चन्नप्पाची भक्ती बघा — आन् मी मान खाली घालून ऐकायचो, लई बरं वाटायचं.

रंग? घालतो की. केशर कुणाला परवडतंय? गिऱ्हाइकाला पिवळीधमक लागती, आन् बाजारातला खायचा रंग पाकात विटतो. नरसय्याचा विटत न्हाय — व्हय, त्याच्याकडनंच आणतो, सुताचाच. पुडी देताना दर खेपेला म्हणतो, अण्णा, हे सुतासाठी हाय, पोटात घालायचं न्हाय. मी आपला हसतो. उद्या पंच बसणार हायेत, त्याला बायकापोरांसकट पेठेतनं उठवायचं म्हणत्यात. तरी त्यानं अजून कुणाला सांगितलं न्हाय, पुडी कोण नेतं ते. काल मातीला आला होता. लांब उभा राहिला, माझ्याकडं बघितलं आन् मान वळवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बैलावर माती लोटताना वाटली न्हाय एवढी शरम मला तवा वाटली, सायेब.

पण माझीबी पोटापाण्याची जागा हाय ही. तुमी एवढंच सांगा पंचांना — हौदातलं पाणी प्याला. तुमचा शब्द कोण मोडतंय? आन् मला तरी काय ठावं होतं? शिवाची आण घेतो, ठावं असतं तर बसवण्णाच्या तोंडाला लावलं असतं का? — उठलात? थांबा की, रिकाम्या हातानं कसं, घरी पोरं असतील, थोडी बुंदी — न्हाय न्हाय, त्या परातीतली नको. ठेवा ती. पोरांसाठी आतली देतो, बिनरंगाची. आमच्या घरात तीच खात्यात, पयल्यापास्नं —

असं बघू नका माझ्याकडं. जावा तुमी. मला दुकान बंद करायचंय.