मागची काच कोणत्या सालची, याबाबत

दिनांक २२ जानेवारी २०२५, सकाळी ११.४० वाजता, माधव नगर पोलीस ठाणे, उज्जैन.

नाव: श्रीमती अलका दत्तात्रय बिडवई. वय ७४ वर्षे. धंदा: सेवानिवृत्त शिक्षिका. राहणार: माधव नगर, उज्जैन. जबाब मराठीत द्यायचा असल्याने मराठी जाणणाऱ्या महिला प्रधान आरक्षक शर्वरी मुळ्ये यांनी लिहून घेतला.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर राहते. माझे पती दत्तात्रय हे येथे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. ते १४ नोव्हेंबर २०२४ रोजी वारले. मुलगा अपूर्व, वय ४३, भोपाळला नोकरीस आहे. पती वारल्यावर बारा दिवसांनी त्याने घरातली जुनी कॉर्व्हेट गाडी विकायला काढली. मी म्हटले, थोडे थांब. तो म्हणाला, "आई, ती गाडी मला नजरेसमोर नको."

गाडी १९६३ सालची आहे. सौदा इंदूरचे सुमीत लोढा यांच्याशी ठरला होता. पोहोचवलेली गाडी पाहून त्यांनी अर्ज दिला की, कागदांवर १९६३ लिहिले असले तरी गाडी १९६४ ची आहे, फसवणूक झाली आहे. त्यावरून अपूर्वला काल आणि आज ठाण्यात बोलावले.

लोढा यांचे म्हणणे असे की, १९६३ च्या बंद टपाच्या गाडीला मागे दोन काचा असतात, मधून वरपासून खालपर्यंत पट्टी असते. पुढच्याच वर्षी कंपनीने पट्टी काढून एक सलग काच दिली. या गाडीला एक काच आहे, म्हणून ती १९६४ ची. बोनेटवर दोन शोभेच्या जाळ्या आहेत, त्या फक्त १९६३ ला असत. पण जाळ्या नंतर बसवता येतात आणि नंबराची पट्टीही बदलता येते, असे ते म्हणाले. काचा कोणत्या साली बदलल्या, ते बरोबर आहे. जाळ्या आणि नंबर बदलल्याचे आमच्या गाडीबाबत खरे नाही.

गाडी आम्ही १९७२ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यात जुनी म्हणून घेतली. पती तिथे शिकत होते. विकणाऱ्याकडे दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या, एक ६३ ची, एक ६४ ची. दोन्ही निळ्या. पतीने दोन्ही चालवून पाहिल्या. त्यांचे मत ६४ ची घ्यावी असे होते. तिच्या स्प्रिंगा नरम होत्या, आत आवाज कमी येत होता, आणि मागचे नीट दिसत होते. ६३ च्या आरशात मधोमध पट्टीच दिसे. मला ६३ ची आवडली. मागून ती सुंदर दिसत होती. मी तसे म्हटले आणि त्यांनी तीच घेतली. १९७६ मध्ये आम्ही परतलो तेव्हा ती जहाजाने आणली.

आज सकाळी लोढा यांच्यासमोर गाडीच्या छताचे आतले कापड मागच्या बाजूने सोडवले. वर आणि खाली पट्टीची कापलेली टोके दिसली. लोढा यांनी हात लावून पाहिले. ते म्हणाले, "हां, तिरसठ ही है. अमेरिकेतपण लोकांनी पट्ट्या कापल्या होत्या, नवीन दिसावी म्हणून." नंतर म्हणाले की कापलेली ६३ त्यांना नको, सौदा मोडावा, अर्ज मागे घेतो. अपूर्व हो म्हणाला.

एवढे लिहून अर्ज निकाली निघत होता. मुळ्ये मॅडमनी शेवटी विचारले, "काकू, पट्टी कोणी कापली न कशासाठी, तेवढं एका ओळीत सांगा." अपूर्व बाहेर बाकावर बसला होता. मी म्हटले, एका ओळीत होणार नाही.

पट्टी माझ्या पतीने कापली, मार्च १९७९ मध्ये, घराच्या अंगणात, हॅकसॉने. गाडी फायबरची असल्याने लोखंडासारखा आवाज होत नव्हता. मी स्वयंपाकघरात होते. दुपारभर आवाज येत होता. नवी काच ओहायोच्या मित्राने पाठवली, ती यायला सात महिने लागले. तोवर मागे ताडपत्री बांधलेली होती.

आम्हाला अपूर्वच्या आधी एक मुलगी होती. नाव मुक्ता. रविवार, दिनांक ११ फेब्रुवारी १९७९ रोजी तिचे वय साडेतीन वर्षे होते. पती मला गाडी शिकवत होते. दुपारी साडेचारच्या सुमारास टावर चौकापर्यंत जाऊन यायचे म्हणून आम्ही निघालो. मुक्ता शेजारच्या घरी खेळत होती. गाडी अंगणातून मागे घेऊन फाटकाबाहेर काढायची होती. पती माझ्या बाजूला बसले होते. मी आरशात पाहिले. मधे पट्टी, दोन्हीकडे अर्धे अर्धे फाटक. मी म्हटले, "अहो, मला नीट दिसत नाहीये." ते म्हणाले, "सरळ घे ना, मी बसलोय न बाजूला." मी गाडी मागे घेतली. मुक्ता शेजारून परत आली होती.

गाडी मी चालवत होते.

त्यावेळी पोलीस आले. पतीने सांगितले की गाडी ते चालवत होते. मी तिथेच उभी होते. मला कोणी काही विचारले नाही आणि मी काही सांगितले नाही. दोन वर्षे कोर्टाच्या तारखा पडल्या, त्यानंतर ते सुटले. घरात यावर बोलणे झाले नाही. फक्त काच बसवली त्या दिवशी ते म्हणाले, "पट्टी होती गं मधे. ६४ ची घेतली असती तर दिसली असती." मी गाडी निवडली होती हे ते बोलले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

काच बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात गेल्यावर मी गाडीमागे, जिथे मुक्ता होती तिथे, एक स्टूल ठेवले आणि त्यावर कळशी ठेवली. तिच्या उंचीएवढे होईल असे. मग जागेवर बसून आरशात पाहिले. सलग काचेतून फाटक पूर्ण दिसत होते. कळशी दिसत नव्हती. मान वळवून पाहिले तरी नाही. गाडीची पाठ उतरती आहे, खालचे काही दिसत नाही. ६४ ची घेतली असती तरी दिसले नसते. हे मी पतीला सांगितले नाही. त्यांनी शेवटपर्यंत पट्टीलाच दोष दिला. तो राहू द्यावा असे मला वाटले.

अपूर्वला लहानपणी, बहीण तापाने गेली असे सांगितले होते. तो सोळा वर्षांचा असताना एका लग्नात माझे दीर गोपाळकृष्ण यांच्या तोंडून त्याला कळले की ती गाडीखाली गेली आणि गाडी त्याचे वडील चालवत होते. घरी येऊन त्याने मला विचारले, "पापा चालवत होते?" मी हो म्हटले.

त्यानंतर तो वडिलांशी कामापुरते बोलत असे. त्यांच्या गाडीत कधी बसला नाही. पती मला म्हणत, "राहू दे, त्याचं बरोबर आहे." मागच्या नोव्हेंबरात ते अकरा दिवस दवाखान्यात होते. अपूर्व नवव्या दिवशी आला आणि बाहेर पॅसेजमध्ये बसला. पती मला दोनदा म्हणाले, त्याला चहा दे. आत बोलाव असे म्हणाले नाहीत. मीही बोलावले नाही. खरे सांगायला माझ्याकडे तेव्हा दोन दिवस होते.

हा मजकूर माझ्याविरुद्ध जाऊ शकतो, हे मुळ्ये मॅडमनी मला समजावले. अर्जापुरते लिहून थांबता येईल असेही म्हणाल्या. मी सांगितले, लिहा. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. सुमीत लोढा यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

जबाब मला एकटीला वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे. त्यानंतर मी विनंती केली की मुलाला आत बोलावून त्याच्यासमोर पुन्हा वाचावा, कारण माझ्याने ते तोंडाने सांगणे होणार नाही. अपूर्वला बोलावले. त्याने उभ्यानेच ऐकले. वाचन संपले. त्याने मुळ्ये मॅडमना दवाखान्याचा परिच्छेद परत वाचायला सांगितला. त्यांनी वाचला. तो म्हणाला, "मी आत गेलो असतो."

हे वाक्य त्याच्या सांगण्यावरून जबाबात घेतले आहे. बाकी मजकूर माझा असून बरोबर आहे. सही केली.

(सही) अलका दत्तात्रय बिडवई
समक्ष: शर्वरी मुळ्ये, महिला प्रधान आरक्षक
वेळ: दुपारी १.२५