पहिल्या मॅचचं दही

परदेशातल्या त्या स्टेडियमच्या रांगेत पुढून मराठी ऐकू आलं, तसा उपासनाने कानातला इअरफोन काढला. पुढे एक काका-काकू होते. काकूंच्या हातात स्टीलचा डबा.

"अहो, वैदेहीची प्रो लॅक्रॉसमधली पहिली मॅच. हातावर दही-साखर घेतल्याशिवाय ती कधी परीक्षेलासुद्धा गेली नाही."

"गेटवर बाहेरचं खाणं अलाऊ करत नाहीत, कांचन."

"खाणं कुठलं? चमचाभर दही आहे."

"चांगला जॉब सोडून ती जाळीची काठी घेऊन पळणार, आणि तू दही घेऊन तिच्यामागे."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"नेपरव्हिलहून ड्राइव्ह कोण करणार होतं?"

"मी. इतकी वर्षं प्रॅक्टिसला कोण नेत होतं? तुम्ही तर गॅरेजमधल्या स्टिकला कधी हात लावला नाहीत."

"बरं बरं. आता या दह्याचं काय करणार?"

"तिला मेसेज केलाय, इथे रांगेलगतच्या कुंपणापाशी ये म्हणून. ती बघा, आलीच."

"आई, लवकर. वॉर्मअप सुरू झालंय."

"हात पुढे कर. डावा नको, उजवा."

"उजव्यात स्टिक आहे, आई."

"मग ती बाबांकडे दे."

"धर, बाबा."

काठी कुंपणावरून अलीकडे आली. वैदेहीने तळहातावरचं दही चाटून घेतलं.

"थँक्स, आई. बाबा, दे आता. आय हॅव टू गो."

"किती हलकी आहे गं ही. बॉल यातून पडत कसा नाही?"

"बाबा."

"एकदा दाखव ना. हात असाच धरायचा का?"

"अहो, सोडा ती. मॅच तिची आहे."