आठ आठवड्यांचं 'हो'

माननीय अध्यक्ष प्राचार्य संघपाल जोंधळे सर, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती प्राध्यापिका सगीरा मॅडम, त्यांच्यासोबत छावणी भागातल्या घरून आलेले त्यांचे यजमान शौकतभाई, सहकारी मित्रहो आणि हजेरी लागणार म्हणून बसलेल्या विद्यार्थ्यांनो,

गौरवाचं भाषण माझ्याकडं आलं, कारण मी मराठी शिकवतो आणि पेपरात लोकांची टर उडवणारं सदर लिहितो. दोन्हीकडं खऱ्यावाचून माझं फारसं अडत नाही. आज अडतंय.

सात वर्षांपूर्वी मॅडमनी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपल्यापैकी चोवीस जणांवर प्रयोग केला. आठ आठवडे, रोज दहा मिनिटं, बारा जणांनी डोळे मिटून श्वास मोजायचे. बाकीच्यांनी पेपर वाचायचा. आधी आणि नंतर एकाग्रतेची चाचणी: आकड्यांनी भरलेल्या कागदावरचे फक्त सातचे आकडे तीन मिनिटांत खोडायचे. मॅडम सांगायच्या, "मन भटकणारच. भटकलं हे ध्यानात येणं आणि त्याला परत श्वासावर आणणं, हाच मेंदूचा व्यायाम."

मी श्वासवाल्यांत होतो. काय केलं? डोळे मिटून सदरातले विनोद जुळवले आणि शेजाऱ्यांच्या कानात सोडले. आठवड्याभरात आम्ही अकरा जण खांदे हलवत हसू लागलो. मॅडम म्हणायच्या, "हसा हो, पण नाकानं हसा, तेवढाच श्वास मोजला जाईल." बारावे आपले शिपाई पुंजाराम. ते एकदा भडकले, "सर, तुमच्यापेक्षा लेकरं बरी! पाचाच्या पुढं जाऊ द्या की मला!"

'मन लावून केलं का?' असा रोज कागदावर प्रश्न असायचा. मी रोज 'हो' लिहिलं. बाकीच्या दहांनीही. मॅडमनी ते खरं मानलं.

निकालात दोन्ही गटांत फरक निघाला नाही. एकट्या पुंजारामांनी खोडलेले सातचे आकडे एक्केचाळीसवरून अठ्ठावन्नवर गेले. "मॅडम, माझं तर लई वाढलं की!" ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "पुंजारामभाऊ, एका माणसावरून शास्त्र नाही बनत."

त्यांनी अहवालात सरळ लिहिलं: परिणाम आढळला नाही. परीक्षेआधी मुलांना श्वास मोजायला बसवायचा तास त्या अकरा वर्षं घेत होत्या. तोही बंद केला. "जे माझ्याच प्रयोगात टिकलं नाही, ते पोरांना कोणत्या तोंडानं शिकवू?" हे त्या माझ्यासमोर म्हणाल्या. मी चहा पीत होतो, पीत राहिलो. त्या रविवारी माझं सदर आलं, 'श्वासाचा फुगा फुटला'. तेव्हा खो-खो हसला होतात, आता खाली काय बघता?

मॅडम, तुमचा प्रयोग कधी झालाच नाही. श्वासानं एकाग्रता वाढते, असंही मला म्हणता येत नाही. ते तपासायची संधीच आम्ही घालवली. दहा जणांची नावं मी सांगणार नाही. ते पुढच्या दोन रांगांत आहेत. माझं नाव मात्र घ्या आणि अहवालात लिहा: बसला होता, मोजलं नाही, खोटं लिहिलं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. मॅडम, तुम्ही मात्र माफीची घाई करू नका.