वेळेआधी झालेला रस्ता

सरकारने काही केलं नाही म्हणता? केलं होतं, पण आमच्या नानाने त्याची वाट लावली. मंदीत कापसाला कुणी विचारेना, गावात मजुरी मिळेना. तेव्हा सरकारने एरंडोलकडे रस्त्याचं काम काढलं. अर्धा रस्ता आमच्या गावाला, अर्धा शेजारच्या. मजुरी रोजची, म्हणजे काम चालेल तोवरच चूल पेटणार. हे शेंबड्या पोराला कळत होतं, पण आमचा मुकादम नाना, त्याला कोण सांगणार?

शेजारची टोळी बिड्या ओढत बसलेली बघून तो ओरडला, "यांच्या आधी संपवलं नाही तर मिशी उतरवीन!"

झालं. बठ्ठा म्हणजे अख्खा गाव खडीवर तुटून पडला आणि रस्ता वेळेआधीच तयार. साहेबाने नानाच्या गळ्यात हार घातला. "शाबास! उद्यापासून तुमची सुट्टी."

नाना चपापला. "अन् ते शेजारचे, साहेब?"

"ते आळशी. त्यांचं काम अजून दोन महिने चालेल."

नानाने हळूच हार काढला अन् साहेबाच्या कानाशी गेला. "साहेब, आमना रस्ता जरासा वाकडा शे. उखाडीसन परत करूत का?"