मोरपिशी बैल

...न्हाई, तुम्ही मला एक सांगा, पाणी तपासायला आलेल्या माणसानं पाण्याकडं पाह्यलंच न्हाई, तर मंग तपासलं काय? वारा? तुम्हाला सांगतो, डोकं फिरून जातं माहं! सातासमुद्रापलीकडून आली ती गोरी बाई, इमानात बसून, मंग जीपमधी बसून, परतूरपासून आमच्या गावापोत्तर हाडं खिळखिळी करून घेत... अन् वढा कुठं? कारखान्याच्या मागं! अन् बाईची खुर्ची कुठं मांडेल? कारखान्याच्या म्होरं! नारळपाणी देलं, हार घातला, पंखा लावला, बाई खूष. शिकेल माणसं, भाऊ... शिकेल माणसं!

कारखाना टॉवेलचा. तुमच्या-माह्यासाठी न्हाई हां, परदेशासाठी. तिकडं गोऱ्या लोकायची आंघोळ झाली की अंग पुसायला आमच्या इथून टॉवेल, अन् आमच्या आंघोळीला त्या टॉवेलाच्या रंगाचं पाणी! असा बराबर न्याय. कायदा काय म्हणतो? रंगाचं पाणी टाक्यात घ्या, यंत्र लावून साफ करा, मंग सोडा. टाकं हाये का? हाये. यंत्र हाये का? हाये ना, नवंकोरं, प्लास्टिकचा कागद बी काढेल न्हाई अजून! चालवलं तर लाईटबिल येतं म्हणे. मंग ते पाणी वढ्यात, अन् वढ्याच्या काठाला आमच्या गावाची हीर. पिण्याची! आता तुम्ही म्हणाल, कळतं कसं? अहो, कळतं म्हंजी काय, कारखान्यात कोणत्या रंगाची ऑर्डर चालू हाये हे मॅनेजरच्या आधी आमच्या गावच्या बायायला कळतं. घागर वाकवली की समजलं, 'आज लाल हाये गं बाई, गाळून घे!' रंग काय गाळल्यानं जातो? पण सांगायचं कोणाला...

तर तिकडच्या लोकायनं म्हणे दुकानदाराला इचारलं, 'ह्या टॉवेलापायी कोणाचं वाईट तर झालं न्हाई ना? नदी खराब झाली न्हाई ना? बायायला तरास न्हाई ना?' बघा! चांगलं इचारलं. मी म्हणतो, चांगल्या मनाची माणसं असतील. मंग दुकानदारानं ठरवलं, दरसाल माणूस पाठवायचा, कारखान्याला मार्क द्यायचे. मार्क कमी पडले की ऑर्डर बंद. झालं! आमचे मॅनेजर, बद्रीनाथ साहेब, लागले तयारीला. यंत्र चालू करायचं एक सोडून बाकी सारं केलं त्या माणसानं. भिंतीला चुना देला. बायायच्या तोंडाला बांधायला फडके आणले, सकाळी वाटले, फोटो काढला, गोळा करून पेटीत ठुले. पाळणाघराची पाटी लावली... आता पाटी लावली, पण लेकरं? अंगणवाडीतून आणली! एका जागी सुखानं खिचडी खाऊन राह्यलेली लेकरं उचलली अन् दुसऱ्या जागी रडायला बसवली.

माही बायको, द्वारका, तिथंच टॉवेलाच्या काठाला शिलाई मारती. तिला अन् साऱ्या बायायला साहेबानं शिकवलं, 'हे बघा, बाई इचारतील, किती तास काम? म्हणायचं, आठ. जेवणाची सुट्टी? मिळते. सणाची सुट्टी? मिळते. हसून सांगायचं!' आठ रोज ही घोकंपट्टी. घरी मी म्हणलं, 'भाजीत मीठ कमी हाये,' तर म्हणती, 'मिळते.' शिकेल माणसं, भाऊ... त्यायनं आमच्या घरात बी शाळा काढली!

अन् तपासणीचा दिवस कोणता? पोळा! अहो, सुट्टी देता का म्हणून इचारायला यायचं ते सणाच्या दिवशी, अन् त्यापायी साऱ्यायची सुट्टी बंद! द्वारका पहाटंच पुरण शिजवून, अर्धं पाट्यावर ठिवून कामावर गेली. जाताना मला म्हणली, 'चांद्याला धुऊन आणा, मी दुपारपोत्तर येते.'

चांद्या म्हंजी माहा बैल. पांढराशुभ्र. कापसाची गंजी म्हणा. आमचे दादा, म्हंजी वडील, रामराव, पोटच्या लेकायपेक्षा त्याचं जास्त कौतुक. मी घेतला वढ्यात, गुडघाभर पाणी, नुकता पाऊस होऊन गेल्ता म्हणून पाणी बी निवळ. मनात म्हणलं, सणापुरती तरी लाज ठिवली कारखान्यानं. मी घासून राह्यलो, बैल बी डोळे मिटून उभा... अन् तिकडं साहेबाला काय सुचलं? म्हणे, 'मॅडमला टाकं स्वच्छ दिसलं पाह्यजे!' मंग टाकं स्वच्छ कसं करायचं? टाक्यातलं सारं वढ्यात सोडायचं! सारं! तपासणीपायी महिनाभर अडवून ठुलेलं! घाण पाहायला कोणी येऊन राह्यलं म्हणून घाण सोडून देली, अन् सोडली कुठं, तर माह्या बैलावर!

तुम्हाला सांगतो, वरून आलं ते पाणी लोंढ्यानं, फेस काय, वास काय... त्या महिन्यात ऑर्डर मोरपिशी रंगाची! मी 'हो हो' म्हणून चांद्याला ओढोस्तर तो मानेपोत्तर मोरपिशी अन् मी कंबरेपोत्तर मोरपिशी. साबण लावला, न्हाई निघत. खोबऱ्याचं तेल लावलं, न्हाई निघत. उलट चमकायला लागला! आन् बरं, त्यानं तोंड बी लावेल त्या पाण्याला. वर येऊन खोकून राह्यला, नाकातून फेस. रंगाचं सोडा हो, रंग जाईल, न्हाई जाईल. पण जे पाणी जनावर थुकून टाकतं ते माही आई रोज तांब्यानं पिती. मी हिरीत डोकावलो... हीर बी मोरपिशी.

मी म्हणलं बस्स! आज बाई आलेल्या हायेत, बैल असाच्या असा नेऊन फाटकावर उभा करतो. बोलायची गरजच न्हाई. आंधळ्याला बी दिसन. कासरा धरला, निघालो, तं दादा आडवे!

'कुठं चालला?'

'कारखान्यात. बाईला दाखवतो.'

'पोळ्याच्या दिवशी बैल उघडा नेतो? लाज हाये का? झूल घाल!'

'दादा, झूल घातली तं रंग कसा दिसन?'

'मान दिसती ना! झूल घाल!'

घातली झूल. म्हणे, बाशिंग बांध. बांधलं. शिंगायला बेगड, गळ्यात घुंगरं, पाठीवर आरशाची पट्टी... पुरावा न्यायला निघालतो, नवरदेव घेऊन निघालो! अन् वेशीपाशी येतो न येतो तं हलगीवाल्यायनं पाह्यलं. त्यायला वाटलं, सजेल बैल निघाला म्हंजी पोळा फुटला! कडाड कडाड हलगी सुरू. ते ऐकून कडूबा पाटील घरातून धोतर सावरत पळत आले, 'अरे, मानाचा बैल आमचा! रामरावचा म्होरं कसा गेला?' अन् सोडला त्यायनं बी बैल. पाटलाचा गेला म्हणून देशमुखाचा, देशमुखाचा गेला म्हणून साऱ्यायचे! मी ओरडून राह्यलो, 'अरे, हा पोळा न्हाई, तक्रार हाये!' कोण ऐकतं हलगीत? मी तक्रार घेऊन म्होरं पळून राह्यलो, अन् माघून सारं गाव मानासाठी पळून राह्यलं.

आत काय चालेल? आत द्वारकाची बारी. हे तिनं मंग सांगितलं. पुण्याचा एक दुभाष्या पोरगा इचारतो, 'ताई, तुमचं नाव?' ही म्हणती, 'आठ तास!' तो म्हणतो, 'सणाची सुट्टी मिळते का?' 'मिळते.' 'आज कुठला सण आहे का?' 'न्हाई बाई, आज कुठला सण!' अन् बाहेर कडाड कडाड कडाड!

बाई फाटकावर. मॅनेजर फाटकावर. म्होरं शंभरेक बैल, अन् सगळ्यात पुढं माहा मोरपिशी चांद्या. साहेबाचं तोंड असं पांढरं पडलं... मला वाटलं, कारभारी, जिंकला तू! पण तो काही साधा शिकेल न्हाई. क्षणात हात जोडून बाईला म्हणतो, 'मॅडम, आज आमचा सण! शेतकरी आधी बैल कारखान्याला आणतात, मग देवाला!' बाई म्हणती, मग ह्या बायांना सुट्टी का न्हाई? म्हणतो, 'सुट्टीच आहे मॅडम, पण यांना घरी करमतच नाही!' सांगा! पाट्यावर पुरण वाळून राह्यलं अन् घरी करमत न्हाई!

मी म्होरं झालो. हात वर केले, कोपरापोत्तर मोरपिशी. त्या दुभाष्याला म्हणलं, 'बाईला सांग, हा रंग वढ्याचा हाये. हेच पाणी आम्ही पितो.' पोरानं माह्याकडं पाह्यलं, मंग मॅनेजरकडं पाह्यलं... त्याचा पगार कुठून येतो ते त्याच्या मानेनंच सांगितलं. मॅनेजर मधी पडला, बाईला म्हणतो, 'हा सांगतो, भक्तीनं बैलाचा मालक पण अंगाला रंग लावतो!' बाईच्या डोळ्यात पाणी! म्हणे, अशा रंगाचा बैल जगात कुठं पाह्यला न्हाई. कुठून पाहशील बाई, जगातले बैल आमच्या वढ्यात कुठं आंघोळ करत्यात?

अन् मंग ती वाकली. भर चिखलात, पांढऱ्या पँटीत, गुडघ्यावर बसून चांद्याच्या पायाला हात लावला तिनं. मी तोंड उघडणार, तं दादा कानात, 'गप ए! बाईमाणूस दारात येऊन बैलाच्या पाया पडून राह्यलं, अन् तू सणाच्या दिवशी गाऱ्हाणं सांगतो?' अहो दादा, दारात ती आली का आपण गेल्तो? पण न्हाई. शेजारच्या घरून पुरणपोळी आणली, तूप वाढलं, बाई खाऊन राह्यली, फोटो काढून राह्यली. वढा तिथून हाकेच्या अंतरावर. मान वळवली असती तरी दिसला असता! शिकेल माणसं, भाऊ... शिकेल माणसं! अन् आम्ही अडाणी बी काही कमी न्हाई हां. बोंब मारायला गेलो अन् वाजतगाजत गेलो!

कारखाना पास. पैकीच्या पैकी. टाकं स्वच्छ, बाया हसतमुख, अन् गाव तं म्हणे कारखान्यावर खूष.

पौषात साहेबाची जीप दारात. 'कारभारी, मॅडम येताहेत, सोबत त्यांचे मोठे साहेब आहेत. तोच बैल पाहायचाय. पोळा घ्या.' मी म्हणलं, साहेब, पौषात पोळा? दादा बी भडकले, 'देवाधर्माचा खेळ करता काय?' साहेब थंडपणे हसला. म्हणाला, 'राहू द्या. कडूबा पाटील तयार आहेत, त्यांचा बैल पुढं राहील.' झालं! पाटलाचं नाव निघालं अन् दादानं स्वतः झूल झटकली. मी निदान एवढं तरी म्हणलं, 'पोळा घालतो, पण आधी ते यंत्र चालू करा.' 'करू ना, तपासणी होऊ द्या!' मंग वर्षाची वाट कशाला, चैतात पुन्हा तपासणी, पुन्हा पोळा. अन् ऑर्डर जशी असन तसा चांद्याचा रंग. मधी एकदा पिवळा व्हता, तव्हा त्या गोऱ्या लोकायला वाटलं, बैल आजारी हाये, अन् डॉक्टर बोलावला. बैलासाठी! त्याच वढ्याचं पाणी पिऊन माह्या आईच्या पोटात वर्षभर दुखून राह्यलं, तिला कोणी इचारलं न्हाई. तिला बाशिंग न्हाई ना!

तर परवा आमच्याकडं पुन्हा पोळा हाये. बाजारात डाळ महाग हाये, पण पुरणाला कमी पडू देणार न्हाई, सारे या. मानानं या, पोटभर जेवा... फक्त येताना प्यायचं पाणी तेवढं घरून आणा.