काढता पाय

…आणि वर मलाच विचारतात, "पाय कसले आखडलेत तुमचे?" आखडणार नाहीत तर काय होईल हो? थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही आमच्या हिच्यासारखं म्हणाल, यांचं नेहमीचंच.

तुम्हाला सांगतो, मी शिवणकाम करणारा माणूस, आणि आमचे साडू फ्रिज दुरुस्त करतात. दुरुस्त कसले, उचलतात! कवेत घेतात, गुडघ्यात वाकतात, की फ्रिज आडवा. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या क्लबात माणसांचंही तेच करतात. आता झालं काय, सासरेबुवांनी सत्तरीत गाडी शिकायचं मनावर घेतलं. शिकवणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी हात जोडले. मग शेजारी बसणार कोण? जावई! साडू मिशीत हसून म्हणाले, मॅटवर ठरवू, जो आधी आडवा तो गाडीत. आणि मी हो म्हणालो! का म्हणालो? ही बघत होती ना…

पहिल्याच सरावाला साडू समोर आले आणि एकदम वाकून माझ्या पायांशी! आदल्याच आठवड्यात त्यांनी मी शिवलेल्या पँटला चारचौघांत नावं ठेवली होती. मला वाटलं, उपरती झाली, पाय धरतोय बिचारा. ऊर भरून आला हो माझा. म्हटलं, "असू द्या साडूभाऊ, घरातलेच आपण…" त्या 'आपण'ला पोचेपर्यंत माझा फ्रिज झाला होता. वर पंखा फिरताना दिसत होता.

क्लबातल्या कोचबाईंनी मला उठवलं. म्हणाल्या, "मास्तर, इथे पाय धरणारा माफी मागत नसतो. त्याला जवळच येऊ देऊ नका. डावा हात सरळ नाकावर. मारायचं आणि काढता पाय घ्यायचा."

घरी हे सांगितलं, तर ही म्हणते कशी, "काढता पाय शिकायला क्लास लावलात? भांडी घासायची वेळ झाली की आपोआप जमतो की तुम्हाला!"

पण सोपं नसतं हो ते! पाय जवळ आले की कोचबाई विचारणार, "टाके घातलेत का दोन्हींना?" सरळ मागे गेलो की, "मागे भिंत आहे, तिथे चेपून उचलतील, बाजूला सरका!" जोर लावून ठोसा हाणावा, तर तोल पुढे जातो, "झालं, स्वतःच पाय वाढून दिलेत!" मारायचं आणि काढता पाय, मारायचं आणि काढता पाय… पार डोक्यात बसलं. दुकानात माप घेताना गिऱ्हाइकाभोवती फिरायला लागलो मी! छातीला टेप लावायची आणि काढता पाय. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, माप घेताय की मी जाऊ?"

आणि तो दिवस आला. सासरेबुवा खुर्चीत, हातात गाडीची किल्ली, ती खुळखुळ वाजवतायत. साडू वाकले, मी नाकावर दिली. मान वर! पुन्हा वाकले, पुन्हा दिली. मान वर! अहो, मान वर असली की माणसाला दुसऱ्याचे पाय धरता येत नाहीत, आणि हे मला या वयात कळलं. साडू चिडले. आले अंगावर. मी मागे, आणखी मागे… पाठीला भिंत! संपलं, म्हटलं, बसलो गाडीत. पण पाय, तुम्हाला सांगतो, मला न विचारता बाजूला सरकले. साडूंनी भिंतीला जी काही मिठी मारली म्हणता… आणि तिथेच आडवे!

ही टाळ्या वाजवत होती. माझ्यासाठी! लग्नानंतर पहिल्यांदाच. डोळे भरून आले हो.

मग सासरेबुवा उठले. मला वाटलं, पाठ थोपटणार. साडूंकडे बोट दाखवून म्हणाले, "याला समोरची भिंत दिसत नाही. हा कसला मला शिकवणार?" आणि माझ्याकडे वळून, "जावईबापू, तुम्ही भिंत आली की वळता. मला असाच माणूस शेजारी हवा." मी दाराकडे काढता पाय घेतला, तर दारात ही उभी. म्हणाली, "अहो, बाबांना नाही म्हणणार तुम्ही?"

आता रोज सकाळी भिंत येते, विजेचा खांब येतो, कुणाची तरी सायकल येते. मी जिवाच्या आकांताने पाय दाबतो. काय सांगू तुम्हाला… एवढे तयार केलेले पाय, आणि शेजारच्या सीटसमोर ब्रेकच्या जागी नुसता पत्रा!