टाकी मीच भरली होती

…आणि चमच्यांनी काय घोडं मारलंय हो? दोन चमचे घरी ठेवले म्हणून गाडी काय उडायला लागणार आहे? पण तुम्हाला सांगते, नवऱ्याने ती घरगाडी घेतली, आत पलंग, शेगडी, मोरी, सगळा संसारच, आणि तेव्हापासून त्याला एकच ध्यास… ॲव्हरेज! टायरची हवा तपासली, टपावरचं कॅरियर उतरवलं, एसी बंद, आणि खिडक्याही बंद! का, तर "वारा अडतो गं!" आत आम्ही वाफवून निघतोय आणि हा गाडी चालवतोय, चाकाखाली अंडी ठेवल्यासारखी. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला, आणि जाताना टाटा केला हो त्याने!

"प्रत्येकाने काहीतरी सोडायचं," असं फर्मान निघालं. नवऱ्याने गिटार सोडली. सासूबाईंनी गुडघे शेकायचं लाडकं मशीन सोडलं. आणि मी? मी… टाकी भरली.

पाण्याची. काठोकाठ. नवरा बजावून गेला होता, "रिकामीच नेऊ, मुक्कामाला भरू. पाण्याइतकं जड काही नसतं." मी हो म्हटलं. पण सोबत आमचं तान्हं बाळ, ते ओकलं तर? माखलं तर? लागलं तर? तो टायरमध्ये हवा भरायला गेला आणि मी नळी लावली. अहो, शिकलेली बाई मी, लिटरला किलो हे मला कळतं! पण 'लागलं तर?' पुढे विज्ञानबिज्ञान काही चालत नाही.

झालं. चढ लागला आणि गाडी धापा टाकायला लागली.

"एवढं सगळं काढूनही ॲव्हरेज घसरतंच कसं?" नवरा हवालदिल. "इंजिनात काही असेल का गं?"

मी बाळाची टोपी नीट करत होते. टोपी नीटच होती. "असेल रे," मी म्हटलं. इतकी खोटारडी मी!

आणि मागून सासूबाई, हळूच, "अरे, माझंच वजन असेल."

"छे, काहीतरीच काय आई!" म्हणाला तो, पण तुम्हाला सांगते, ते 'छे' यायला जरा उशीरच झाला.

मग काय! बिस्किट पुढे केलं तर सासूबाई म्हणतात, "नको गं, गाडीला जड होईल." मी माझंही बिस्किट परत पुड्यात ठेवलं. पण बोलले का? नाही! टाकीवर बसून राहिले, अगदी खरोखर, तिच्यावरच माझी सीट! आणि पुढच्या गावात बसथांबा दिसला तशी त्यांनी गाडी थांबवायलाच लावली. पर्स काखेत. "मी बसने येते. तुम्ही व्हा पुढे. बाळाला जपा."

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, जाऊ देत, मुक्कामाला भेटतीलच की… पण त्यांनी पायरीवर पाय ठेवला, गुडघा कटकन वाजला, आणि तोंडातून हूं की चूं नाही. मला बाई राहवेना.

"आई, थांबा! टाकी भरलेली आहे! मीच भरली!"



"काठोकाठ?" नवऱ्याने विचारलं.

"काठोकाठ."

तो उतरला, तोटी सोडली. पाणी वाहतंय, वाहतंय… थांबायचं नाव नाही! बसथांब्यावरची माणसं पाय वर घेऊन बसली. आणि सासूबाई? "अगं बाई, म्हणजे मी जड नाहीच की!" असं म्हणून बिस्किटांचा पुडा उघडला. मी तर पश्चात्तापाच्या भरात प्यायच्या बाटल्याही ओतून टाकल्या. घ्या, होऊ दे तुमचं ॲव्हरेज!

आणि मग काय पळाली हो गाडी! नवरा शीळ घालतोय, बाळ आजीच्या मांडीवर खिदळतंय, आणि मला तर पिसासारखं हलकं वाटतंय…

तेवढ्यात बाळ गप्प झालं. लालबुंद झालं. आणि सासूबाईंनी दोन्ही हात अलगद वर धरले.

"सूनबाई… पाणी आण गं पटकन!"

सगळे माझ्याकडे बघतायत. बघणारच. भरली तेव्हाही चूक माझीच, आणि रिकामी केली तेव्हाही माझीच.